वसंताचे पहारेकरी



वसंत व्याख्यानमालेत वसंतावर सहसा कोणी बोलत नाही. पाणी, पीकविमा, संतवाङ्मय, राज्यघटना हे आपले नेहमीचे विषय, आणि ते तसे असणे योग्यच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा घातली ती लोक शहाणे व्हावेत म्हणून. ऋतुवर्णन ऐकावे म्हणून नव्हे. तथापि आज आम्ही घेतलेल्या विषयाच्या नावातच वसंत आहे. इटली देशात फ्लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथील उफ्फिझी चित्रशाळेत बोत्तिचेल्ली या चित्रकाराने १४८०च्या सुमारास लाकडी फळ्यांवर रंगविलेले एक भव्य चित्र आहे. उंची सुमारे दोन मीटर, रुंदी तीन मीटरांहून अधिक. संत्र्यांच्या बागेत नऊ आकृती आहेत आणि पायांखाली फुलेच फुले आहेत. चित्राचे नाव 'प्रिमावेरा', म्हणजे वसंत. १९४४ सालच्या उन्हाळ्यात हे चित्र ज्या जागी होते, तेथे मराठी शिपायांचा पहारा होता. त्या पहारेकऱ्यांविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

आरंभीच एक कबुली देतो. आम्ही इटली पाहिलेली नाही. आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, आणि संघटनेच्या कचेरीत हमालांचे व ऊसतोड मजुरांचे अर्ज लिहिता लिहिता झाले. तेव्हा चित्रकलेवर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. या विषयाकडे आम्हांला वळविले ते आमच्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गुरुजींनी. त्यांनी आयुष्यभराच्या बचतीतून इटलीची समूहसहल केली. बारा दिवस, तीस-पस्तीस माणसे, एक बस, आणि रात्री आपल्या पद्धतीचा वरणभात. आधी रोम, मग असिसी, मग फ्लॉरेन्स. शेवटच्या तीन दिवसांत रावेन्ना, पादुआ आणि व्हेनिस. परत आल्यावर त्यांनी आम्हांला बोलावून सारी छायाचित्रे दाखविली. शेवटच्या दिवसांची हकीकत सांगताना ते म्हणाले, "खरं सांगू का, अखेरीला डोळे भरून गेले होते. इतकी चित्रं, इतक्या मूर्ती, की कोणती कुठली ते आठवेना. पण हा वसंत मात्र विसरलो नाही."

आम्ही सहज विचारले, "गुरुजी, लढाईत हे चित्र कुठं होतं हो?"

ते म्हणाले, "कुठं असणार? तिथंच असेल की."

ते तेथे नव्हते. आणि ते जेथे होते तेथे गुरुजींच्या आधी सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी मराठी माणसांची दुसरीच एक मोठी तुकडी जाऊन पोहोचली होती. तिचा मार्गही थोड्याफार फरकाने हाच होता: रोमच्या दक्षिणेकडून वर, मग फ्लॉरेन्स, आणि शेवट रावेन्नाच्या पलीकडच्या सपाटीवर. फरक एवढाच की तिला बारा दिवस नव्हे, जवळजवळ वीस महिने लागले, आणि सगळे परत आले नाहीत.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी सैन्य सुमारे दोन लाखांचे होते. युद्ध संपताना ते पंचवीस लाखांवर गेले होते. सक्तीची भरती नसताना उभे राहिलेले एवढे मोठे सैन्य जगात दुसरे नव्हते, असे इतिहासकार सांगतात. सक्ती नव्हती हे कागदोपत्री खरे. पण ज्यांनी आयुष्यभर मजुरांत काम केले आहे, त्यांना कागदावरची स्वेच्छा आणि चुलीजवळची स्वेच्छा यांतला फरक कळतो. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, नगर, कोल्हापूर या भागांतील कोरडवाहू शेतकऱ्याच्या धाकट्या मुलापुढे दोनच वाटा होत्या: मुंबईची गिरणी नाही तर पलटण. आपले गंगाखेड तेव्हा निजामाच्या मुलखात होते. म्हणून पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत, जिला आपण मराठा पलटण म्हणतो, बहुतेक भरणा देशावरच्या व कोकणातल्या माणसांचा होता.

या रेजिमेंटची पहिली बटालियन आठव्या हिंदी डिव्हिजनमधून सप्टेंबर १९४३मध्ये इटलीच्या टाचेला तारांतो बंदरात उतरली. तिसरी बटालियन दहाव्या हिंदी डिव्हिजनबरोबर १९४४च्या वसंतात आली. इटली हा डोंगरांचा आणि नद्यांचा देश. एक नदी ओलांडावी तो पुढे दुसरी, आणि प्रत्येकीच्या पल्याडच्या काठावर जर्मन तोफा. वाटेत कासिनोचा डोंगर होता. त्यावर इसवी सन ५२९मध्ये स्थापन झालेला मठ होता. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तो मठ बाँबफेक करून जमीनदोस्त केला. हेही सांगितले पाहिजे. कला जर्मनांनी उद्ध्वस्त केली आणि दोस्तांनी वाचविली, इतका हा इतिहास सरळ नाही.

४ जून १९४४ रोजी रोम पडले, आणि सैन्ये उत्तरेकडे सरकली. १० जुलै रोजी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, मोंतोने गावाजवळ, तिसऱ्या बटालियनच्या नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. सारे सहकारी मेले किंवा जखमी झाले. हा कुलाबा जिल्ह्यातील माणगावकडचा बावीस वर्षांचा तरुण एकटाच त्या ठाण्यावर धावून गेला. हातबाँबने त्याने तोफ बंद पाडली. बंदूक भरायला अवसर उरला नाही तेव्हा तिच्या दस्त्याने लढला. आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचा देह मिळाला नाही. कासिनोच्या स्मारकावर त्याचे नाव आहे.

आता आपण वसंताच्या चित्राकडे येऊ. १९४० साली इटली युद्धात उतरली तेव्हापासून फ्लॉरेन्सच्या अधिकाऱ्यांना एकच धास्ती होती, ती विमानहल्ल्याची. शहर भाजून निघेल, खेडी वाचतील, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून चित्रशाळेतील उत्तमोत्तम चित्रे गाड्यांत घालून आसपासच्या डोंगरांतील वाड्यांत व गढ्यांत नेऊन ठेवली. हिशेब वाईट नव्हता. पण १९४४च्या जुलैत लढाईची आघाडीच सरकत सरकत त्या खेड्यांवर आली, आणि जी जागा सर्वांत सुरक्षित म्हणून निवडली होती तीच दोन्ही बाजूंच्या तोफांच्या मधोमध सापडली.

फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येस मोंतेगुफोनी नावाची अशीच एक जुनी गढी आहे. ती सिटवेल नावाच्या इंग्रज घराण्याच्या मालकीची होती. तिच्या दालनांत अडीचशेच्या आसपास चित्रे भिंतींना टेकवून ठेवलेली होती. ज्योत्तो आणि चिमाबुए यांच्या सहाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या मातामूर्ती, उच्चेल्लो याने रंगविलेले सान रोमानोचे युद्ध, आणि बोत्तिचेल्लीचा वसंत. उफ्फिझीचे ग्रंथपाल चेझारे फासोला हे आघाडी ओलांडून पायी तेथे येऊन राहिले होते, केवळ चित्रांजवळ कोणीतरी असावे म्हणून. आसपासच्या गावांतले निर्वासित तळघरांत दाटीवाटीने राहात होते. त्याआधी जर्मन सैनिकांचा तेथे मुक्काम झाला होता. गिर्लांदायो याच्या एका गोल चित्राचा त्यांनी टेबलासारखा उपयोग केला. त्यावर दारूचे डाग आणि सुऱ्यांच्या खुणा राहिल्या.

जर्मन मागे हटले आणि जुलैच्या अखेरीस पहिली मराठा बटालियन तेथे पोहोचली. पलटणीने गढीत आपले ठाणे केले. त्याच सुमारास एरिक लिंकलेटर नावाचा स्कॉटिश लेखक, जो तेव्हा सैन्यात मेजर होता, आणि बी.बी.सी.चा वार्ताहर विनफर्ड वॉन-टॉमस हे पलटणीची हकीकत टिपून घेण्यासाठी तेथे आले. गढीत फिरता फिरता त्यांची नजर भिंतीला टेकलेल्या चित्रांवर गेली आणि ते चकित झाले. बाहेर तोफा चालू होत्या आणि आत जगातली सर्वांत मोलाची चित्रे उघड्यावर होती. लिंकलेटरने त्या आनंदाच्या भरात वसंतातील देवतेचे चुंबन घेतले, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. वरिष्ठांना निरोप गेले, चित्रांचे जाणकार अधिकारी आले, आणि दालनांवर पलटणीचा पहारा बसला.

श्रोतेहो, या प्रसंगात कोणाकोणाची नावे उरली ते पाहा. चित्रकाराचे उरले, गढीच्या मालकाचे उरले, ग्रंथपालाचे उरले. लेखकाचे नाव तर उरलेच, त्याचे चुंबनही उरले. दारात संगीन लावून उभा राहिलेल्या शिपायाचे नाव मात्र या हकीकतीत नाही. त्याचे गाव कोणते, त्याला काय वाटले, त्याने त्या फुलांकडे पाहिले की नाही, हे कोणी त्याला विचारले नाही. आम्हीही ते कल्पनेने रंगविणार नाही. ज्याने आपले मन सांगितले नाही त्याच्या तोंडी आपले शब्द घालणे हा दुसरा अन्याय होईल. एवढेच म्हणता येते की, ज्या चित्राचे मोल आपल्या पगाराच्या कितीपट आहे याचा त्याला अंदाजही नसेल, ते चित्र त्याने कामगिरी म्हणून राखले. आणि त्याच्या मागे उभा असलेला वसंत जसाच्या तसा उरला.

३ ऑगस्टच्या रात्री आणि ४ ऑगस्टच्या पहाटे जर्मनांनी फ्लॉरेन्सच्या आर्नो नदीवरचे पूल सुरुंगांनी उडविले. दुकानांच्या रांगा असलेला जुना पूल तेवढा सोडला. पण त्याच्या दोन्ही तोंडांची मध्ययुगीन घरे पाडून रस्ते बुजविले. ११ ऑगस्टला शहर मुक्त झाले. त्या महिन्यात फ्लॉरेन्सची आघाडी आठव्या हिंदी डिव्हिजनच्या एकविसाव्या ब्रिगेडकडे आली, आणि मराठ्यांची पहिली बटालियन याच ब्रिगेडमध्ये होती. उडविलेल्या पुलांपैकी सांता त्रिनिता हा पूल पुढे १९५८मध्ये नदीतले मूळचे दगड काढून पुन्हा बांधला. त्याच्या टोकाशी वसंतदेवीचा एक पुतळा होता. तिचे शिर मात्र सापडेना. ते १९६१ साली नदीच्या गाळातून वर आले.

त्या शहराविषयी आम्हांला, एक संघटनेचा माणूस म्हणून, आणखी एक गोष्ट आकर्षून घेते. गुरुजींच्या छायाचित्रांत फ्लॉरेन्सच्या मुख्य प्रार्थनामंदिराचा प्रचंड घुमट होता. तो ब्रुनेल्लेस्की याने १४२० ते १४३६ या काळात उभारला. त्या कामाची व्यवस्था लोकरीच्या व्यापाऱ्यांच्या संघाकडे होती. लोकर विंचरणारे, धुणारे, पिंजणारे मजूर मात्र कोणत्याच संघात नव्हते. त्यांना संघ करण्याची मनाई होती. १३७८ साली या मजुरांनी बंड केले. इतिहासात त्यांना चोम्पी म्हणतात. मिकेले दि लांदो नावाचा एक लोकर विंचरणारा काही काळ नगराचा प्रमुख झाला. मजुरांचा संघ मान्य झाला आणि थोड्याच आठवड्यांत मोडूनही टाकला गेला. पुढे घुमटाचे काम चालू असताना गवंड्यांनी मजुरीसाठी काम थांबविले; तेव्हा ब्रुनेल्लेस्कीने लोम्बार्डीतून दुसरे गवंडी आणले आणि जुन्यांना कमी मजुरीवर परत घेतले, अशी हकीकत त्याच्या चरित्रकारांनी कौतुकाने सांगितली आहे. संप मोडण्याची ही रीत आमच्या पुरत्या ओळखीची आहे! गंमत अशी की १४३४ साली याच महापुरुषाला दगडकाम व लाकूडकाम करणाऱ्यांच्या संघाने वर्गणी भरली नाही म्हणून तुरुंगात घातले होते. वर्गणी बुडविणाऱ्याला तुरुंग दाखविण्याची सोय आमच्या संघटनेला असती तर आमचा जमाखर्च कधीच तुटीत गेला नसता.

विनोद बाजूला ठेवू. सांगावयाचे ते असे की, कलेने भरलेले शहर हे आधी मजुरीने भरलेले शहर असते. रंगाला चित्रकाराचे नाव मिळते, घुमटाला स्थपतीचे नाव मिळते. विटा वर चढविणारा हिशेबाच्या वहीत राहतो, वही असली तर.

आता शेवटचे दिवस. फ्लॉरेन्सनंतर पलटण आपेनाइन पर्वतात शिरली. हिवाळा बर्फात आणि चिखलात गेला. डिसेंबर १९४४च्या अखेरीस बार्गाजवळ शत्रूने अचानक मुसंडी मारली, तेव्हा हीच डिव्हिजन घाईने तिकडे धावली. १९४५च्या वसंतात ती पर्वत उतरून पूर्वेकडच्या सपाटीवर, सेनिओ नदीच्या काठी आली. येथून रावेन्ना जवळ आहे. पाचव्या-सहाव्या शतकांतल्या रंगीत काचतुकड्यांच्या भित्तिचित्रांसाठी ते गाव जगात प्रसिद्ध आहे. तेथील सान वितालेचे मंदिर ५४७मध्ये पुरे झाले. गुरुजींची बस फ्लॉरेन्सहून बोलोन्यावरून रावेन्नाला गेली, म्हणजे ती सेनिओ नदी ओलांडून गेली. त्या वेळी आपण झोपलो होतो, असे गुरुजींनी प्रामाणिकपणे सांगितले. जागे असते तरी काही दिसले नसते. गोदावरीच्या काठी वाढलेल्या माणसाला सेनिओ ही नदी वाटणारच नाही. पात्र अवघे पंधरा फूट रुंद, पाणी चार-पाच फूट. पण पुराचे पाणी शेतांत शिरू नये म्हणून दोन्ही काठांवर तीस-पस्तीस फूट उंचीचे मातीचे बांध. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी भुयारे व मोर्चे केले होते, आणि पाण्यालगत सुरुंग पेरले होते.

९ एप्रिल १९४५. दिवसभर विमानांनी आणि तोफांनी काठ भाजून काढले. संध्याकाळी मराठ्यांची पहिली बटालियन नदीत उतरली. एका कंपनीचा निरोप्या होता शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातील संगमनेरकडच्या निमजचा. नदी उतरून पलीकडे पाऊल टाकतो तोच मागच्या काठातील मोर्च्यांतून गोळ्या आल्या. कंपनीचा अधिकारी आणि दोन जवान जखमी झाले. जवळचे बाकीचे ठार झाले. कोणाचा हुकूम नसताना नामदेवने एका जखमीला उचलले, खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून, त्या उभ्या बांधावर चढवून सुरक्षित नेले. मग परत आला आणि दुसऱ्याला नेले. मग तिसऱ्यांदा आला तो मोर्च्यांवर. हाताला गोळी लागून बंदूक चालेना तेव्हा ती टाकून हातबाँब घेतले. संपले तेव्हा बांधाच्या माथ्यावर सरपटत जाऊन सोबत्यांकडून आणखी आणले. तीन ठाणी बंद पाडली. शेवटी बांधावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची युद्धघोषणा देत त्याने मागच्यांना हात करून पलीकडे बोलाविले. त्याच दिवशी त्याच नदीवर सरहद्द प्रांताच्या रेजिमेंटच्या अली हैदर या पठाण शिपायानेही व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. नामदेव जाधव जिवंत परतले आणि १९८४ साली वारले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नामदेवचा पराक्रम सांगताना आपण ठाणी मोजतो. पण त्याने आधी काय केले? आधी माणसे उचलली. तोफ बंद करणे हे त्याचे तिसरे काम होते.

त्यानंतरचे तीन आठवडे धावपळीचे गेले. सान्तेर्नो ओलांडली, पो ओलांडली, आणि २ मे १९४५ रोजी इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती अंमलात आली. सहल संपली. गुरुजी शेवटच्या आदल्या दिवशी पादुआला ज्योत्तोने १३०५च्या सुमारास रंगविलेले छोटे मंदिर पाहून आले. त्याच्या हाकेच्या अंतरावर एरेमितानी मंदिर आहे. त्यातील मान्तेन्याची भित्तिचित्रे ११ मार्च १९४४च्या बाँबहल्ल्यात चुरा झाली, आणि तो हल्ला दोस्तांचा होता. एक भिंत राहिली, शेजारची गेली. शहाणपणापेक्षा नशिबाचाच वाटा त्यात अधिक. म्हणून जेथे माणसाच्या हाताने काही राखले गेले, तेथे त्या हाताची नोंद अधिक मोलाची ठरते.

इटलीत सुमारे ५०,००० हिंदी सैनिक लढले. त्यांपैकी ५,७८२ मेले. या मोहिमेत दिलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांना मिळाले. रावेन्नाजवळ फोर्ली येथे हिंदी सैन्याचे स्मशान आहे. तेथे सुमारे पाचशे कबरी आहेत, आणि ज्यांना अग्नी दिला त्या साडेसातशेहून अधिक जणांची नावे स्मारकावर आहेत. समूहसहलीच्या बसेस तेथे थांबत नाहीत. गुरुजी म्हणाले, "माहीत असतं तर अर्धा तास मागून घेतला असता."

कोणी म्हणेल, ही लढाई साम्राज्याची होती. १९४२ साली येथे 'चले जाव'ची घोषणा झाली, १९४३ साली बंगालमध्ये माणसे अन्नावाचून मेली. अशा वेळी गोऱ्या साहेबाच्या हुकमाने परमुलखात लढलेल्यांचे पोवाडे आपण का गावे? आक्षेप खोटा नाही. आम्ही पोवाडा गात नाही. पण गडी मालकाच्या शेतात राबला म्हणून त्याचा घाम मालकाच्या खात्यावर मांडावयाचा काय? लढाई कोणाची होती याचा निवाडा एक, आणि कष्ट कोणाचे होते याची नोंद दुसरी. पहिला निवाडा चुकला तरी दुसरी नोंद राहिलीच पाहिजे.

हे आम्ही एवढ्या आग्रहाने का सांगतो? काही वर्षांपूर्वी एका गळीत हंगामात आपल्या भागातील ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांना भेटण्यासाठी आम्ही सातारा जिल्ह्यात गेलो होतो. वाटेत एका गावच्या चावडीजवळ भिंतीत बसविलेली जुनी पाटी दिसली. पश्चिम महाराष्ट्रातील व कोकणातील पुष्कळ गावांत अशा पाट्या आहेत. या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धात इतके लोक गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर असतो. आकडा असतो. नाव एकही नसते.

त्याच संध्याकाळी पालावर एक बाई भेटली. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढताना फळी घसरली आणि तिचा पाय मोडला. आम्ही भरपाईचा अर्ज करावयास बसलो. वहीत तिच्या नवऱ्याचे नाव होते, तिचे नव्हते. आमच्याकडच्या मंडळींना ठाऊक आहे की नवराबायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याचा. वही दाखवून आम्हांला सांगण्यात आले, "ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच." सहा महिने पहाटेपासून राबलेली बाई कामाला नव्हती! तो अर्ज टिकला नाही. आम्ही हरलो, आणि ती लंगडत गावी आली. त्या दिवसापासून वहीत नाव आणि पाटीवर आकडा या दोन गोष्टी आमच्या डोक्यात जोडल्या गेल्या त्या कायमच्या. पुढे मोंतेगुफोनीच्या पहाऱ्याची हकीकत वाचली तेव्हा ती आम्हांला परकी वाटली नाही.

आपण ज्या गावात बसलो आहोत ते गाव संत जनाबाईंचे. दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणारी ही बाई. त्या काळी अशा किती बायका दळत होत्या. एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. जनाबाईंचे ठाऊक आहे, कारण त्यांनी आपल्या अभंगाच्या शेवटी आपले नाव घातले, आणि आपण दासी आहोत हेही घातले. ते नाव कोणी दिवाणजीने वहीत चढविले नव्हते.

ज्यांना असे नाव घालता आले नाही त्यांची नावे घालणे हे मागून आलेल्यांचे काम आहे, आणि ते उशिराही करता येते. जुलै २०२३मध्ये इटलीतील मोंतोने गावाने यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभारले. ते छायायंत्र आहे, म्हणजे उन्हाच्या सावलीवर वेळ दाखविणारे घड्याळ. त्यावर लॅटिन भाषेत एक वचन आहे. त्याचा आशय असा की, आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. एकोणऐंशी वर्षांनी एका परक्या गावाने हे केले.

आपल्याला एवढे दूर जावयाचे नाही. ज्यांच्या घरी, माहेरी किंवा सोयऱ्यांकडे एखाद्या जुन्या पेटीत पलटणीचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, एखादे पदक किंवा परदेशी पाठमजकुराचे छायाचित्र असेल, त्यांनी ते येथील वाचनालयात दाखवावयास आणावे. नाव, गाव, पलटण आणि साल, एवढे चार रकाने आम्ही आखून ठेवले आहेत. त्याच वहीच्या दुसऱ्या भागात या हंगामात कोयता घेऊन गेलेल्या प्रत्येक बाईचे नाव लिहावयाचे आहे, नवऱ्याच्या नावाखाली नव्हे, स्वतंत्र ओळीत. गुरुजींनी ती वही सांभाळण्याचे कबूल केले आहे. उद्या संध्याकाळपासून ते वाचनालयात बसतील.